भेस्तानचं घर विकणे आहे

१९ नोव्हेंबर १९९७

पोचले बाई एकदाची! अमळनेरहून पॅसेंजरनं सुरतेच्या अलीकडचं उधना, उधन्याहून रिक्षानं भेस्तान. मांडीवर शिलाई मशीनचं डोकं, पायाशी गाठोडं, आणि रिक्षावाला सगळा रस्ता मला गुजरातीत सोसायटीचं नाव विचारतोय. शेवटी तोच निघाला आपल्या शिरपूरकडचा. मग काय, घरापर्यंत अहिराणीत नुसत्या गप्पा.

घर मला बघताक्षणी आवडलं. एक खोली, एक रसोडं, पुढे बसायला ओटला, मागे भांडी घासायची चोकडी. ओळीतलं शेवटचं घर, म्हणून एका बाजूनं छान उजेड येतो. सुकदेवदादा आणि वत्सलावहिनी यांनी घेतलेलं हे पहिलं घर. त्याआधी दोघं लिंबायतला भाड्याच्या खोलीत राहायची, अख्ख्या चाळीला एक नळ. वहिनीनं किती मिरवलं या घराला! दरवेळी सांगायची, फरशी अशी आहे की तोंड दिसतं. मला मशीन चालवायला तिनंच शिकवलं.

वहिनी आता नाही. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं लोक सुरत सोडून पळत होते, तेव्हा दादाही गावाकडे निघाला. वहिनी हटली नाही. दारात उभी राहून म्हणाली, मी मरी जासू, पन हाई घर सोडाव नही. राग उतरला की येईल मागून, असं समजून दादा एकटाच गेला. परत आला तेव्हा ती रसोड्याच्या कोपऱ्यात पडलेली होती. प्लेग नव्हता म्हणे, कसला तरी ताप होता. तेव्हापासून दादा पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये काम करतो, तिथंच झोपतो. आजही मला ओटल्यावरच किल्ली दिली. आतलं पाणीसुद्धा प्यायला नाही.

बंद घराला गिऱ्हाईक मिळत नाही, असं भटूभाऊ दलालांचं म्हणणं. म्हणून माझी नेमणूक. घर झाडायचं, रंगवायचं, सांजेला दिवा लावायचा, बघायला येईल त्याला चहा पाजायचा. घर विकलं की दादा मला लिंबायतच्या बाजारात शिलाईचा गाळा घेऊन देणार आहे. नवऱ्यानं दुसरी आणली त्याच दिवशी मी त्याचं घर सोडलं. पुन्हा त्या उंबऱ्यावर जायचं नाही आणि भावकीच्या तोंडाकडे बघत तुकडे मोडायचे नाहीत. मला गाळा पाहिजे, माझ्या नावाची पाटी असलेला.

२४ नोव्हेंबर

चुना मारला. नीळ जरा जास्त पडली, भिंती निळसर दिसतात. दिसू देत, थंड वाटतं. भटूभाऊंनी बाहेर पाटी लावली, ‘मकान वेचवानुं छे’. मी खाली खडूनं मराठीत लिहिलं, घर विकणे आहे. आपला माणूस घेईल तर काय बिघडलं?

भटूभाऊ मात्र तोंड पाडून बसतात. म्हणतात, ताई, मंदी आहे. कापडाचे लूम बंद पडताहेत, नवीन सोसायट्यांतली कोरी घरं कुणी घेत नाही, तुमचं जुनं कोण घेणार? मी म्हटलं, भाऊ, पोरगी नाकीडोळी नीट आहे, तुम्ही स्थळं आणा, दाखवायचं माझ्याकडे लागलं. तेव्हा कुठे हसले.

शेजारी मंगलाबाई आहेत, जालन्याकडच्या. पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. फार मायेची बाई, पण भित्री. मी चोकडीतल्या गळक्या नळाला शिव्या घालत होते तर म्हणाल्या, तिन्हीसांजेला असं बोलू नये गं बाई, वास्तू तथास्तु म्हणते. आमची आईपण हेच म्हणायची. म्हणू दे म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे अमळनेरात सगळ्यांना ठाऊक आहे, इथल्या वास्तूलाही कळेल.

रसोड्याच्या आग्नेय कोपऱ्यात एक फरशी वेगळ्या रंगाची आहे. वास्तुशांत केली तेव्हा दादानं तिथंच वास्तुपुरुष पुरला होता. वहिनीही तिथंच सापडली. मी त्या फरशीवर रोज दोन फुलं ठेवते.

५ डिसेंबर

आज गंमत झाली. नवरा-बायको घर बघून गेले, चहा पिऊन गेले, आणि जाताना म्हणतात, इथं बाई मेलेली ना? नको. अरे, माणसं घरात मरणार नाहीत तर काय रानात मरतील? मी तणतणत दिवेलागणीला स्टो पेटवायला बसले. तो काही पेटेना. मी म्हटलं, जळून जा मेल्या एकदाचा! तसा भडकाच उडाला. पदर वाचला, स्टो गेला. मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला.

एक लिहायचं राहिलं. स्टो भडकायच्या आधी कोपऱ्यातून हुंकार आल्यासारखा झाला. तोंड मिटून कुणी ‘अंहं’ करावं तसा. शेजारच्या कुकरचा असेल.

१६ डिसेंबर

भटूभाऊ सांगून गेले, आजपासून कमुरतां बसली, महिनाभर शुभकामं बंद. उत्तरायणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, इकडचा माणूस घर बघायला पाऊल उचलणार नाही. म्हणजे तोवर हात चोळत बसायचं. बरं तर बरं, मी पाटी लावून फॉल-पिकोची कामं धरली. तेवढाच मशीनला व्यायाम.

पण मनात एक सलतंय. कमुरतां बसायच्या आधी एक कापडवाला घर बघून गेला होता. घराला ‘खोपटं’ म्हणाला. वहिनीच्या घराला खोपटं! तो गेल्यावर मी दारात उभी राहून म्हटलं, पाय मोडो तुझा. दिवा लावायचीच वेळ होती. आज कळलं, वळणावर त्याची स्कूटर घसरली. पाय मोडला.

योगायोग असतो. रस्त्यावर वाळू होतीच. मी नारळ घेऊन त्याला बघायला जाणार आहे.

२९ डिसेंबर

ऐकलं मी. काल नीट ऐकलं. कुकर नाही, नळ नाही, पलीकडचे लूमही नाहीत, काल त्यांना सुट्टी होती.

सांजेला दिवा लावला. सुईत दोरा जाईना म्हणून मी चिडून म्हटलं, फुटले वाटतं डोळे माझे. लगेच कोपऱ्यातून तो आवाज आला, दाबलेला, ओठ घट्ट मिटून कण्हल्यासारखा. किती तरी वेळ चालला. मग सुटल्यासारखा शब्द आला. तथास्तु. बाईचा आवाज. ‘स्तु’ लांबवलेला, आमच्याकडे लांबवतात तसा.

रात्री डोळे आले. सकाळी दोन्ही चिकटलेले. मंगलाबाईंनी गुलाबपाणी घातलं, तेव्हा कुठे एक डोळा लिहिण्यापुरता उघडला.

मी घाबरले का? घाबरले. खोटं कशाला लिहू? पण आवाज वहिनीचा होता, आणि वहिनीनं मला सख्ख्या बहिणीसारखं वागवलंय. तिला माझं वाईट करायचं असतं तर ती कण्हली कशाला असती?

७ जानेवारी १९९८

डोळे पुरते बरे झाले आणि पहिला विचार आला तो हा, की आवाज तथास्तु म्हणत असेल तर म्हणू दे की माझ्या कामाचं! रोज सांजेला कोपऱ्यापाशी बसते, हात जोडते. म्हणते, घर विकलं जाऊ दे. गाळा मिळू दे. गोड, हळू, देवापुढे बोलावं तसं. एक शब्द येत नाही. नुसतं शांत.

मंगलाबाई म्हणाल्या, वास्तू मागितलेलं ऐकत नाही, बोललेलं ऐकते. रागाच्या भरात, अगदी पोटातून निघालेलं. आणि इथून जा म्हणाल्या, माझ्या बहिणीकडे राहा चार दिवस. मी म्हटलं, चार भिंतींना भिऊन पळायला मी काय पाहुणी आहे? नवऱ्याच्या घरातून ताठ मानेनं निघाले, इथूनही ताठच निघेन, घर विकून. फक्त तोंड सांभाळायचं. सांजेला तोंडात सुपारी धरून बसते. हसू नका, उपाय लागू पडतो.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी आभाळात ही पतंगांची गर्दी. गच्च्यांवर पोरं ‘काप्यो छे’ ओरडताहेत. मंगलाबाईंनी तिळगूळ दिला आणि हात हातात घेऊन म्हणाल्या, गोड बोल बाई, आज तरी गोडच बोल. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

संध्याकाळी दादा आला. ओटल्यावरच उभा. भटूभाऊंनी हात टेकले म्हणाला. घराला कुलूप लावू, मंदी संपली की बघू. आणि तुझ्या नवऱ्याचा निरोप आहे, ती दुसरी निघून गेली, छायाला पाठवा, पोळ्यांचे हाल होताहेत. उद्याच्या गाडीनं जा.

पोळ्यांचे हाल!

मी दारात होते. दिवा हातात होता. सुपारी तोंडात नव्हती, तिळगूळ होता. मला समोरचं काही दिसेना. मी म्हटलं, मी कुठंच जाणार नाही. आता या घरातून माझं मढंच बाहेर निघेल.

बोलल्या बोलल्या कळलं. मी तोंडावर हात ठेवला, पण बोललेलं परत घेता येतं का?

मागून तो आवाज सुरू झाला. अंहं, अंहं, अंहं. इतका वेळ कधीच चालला नव्हता. दादालाही ऐकू आला, तो पांढराफटक पडला. वहिनी रडत होती. रडत रडत धरून होती. मी ओरडले, वहिनी, धर! सोडू नको!

मग आलाच तो शब्द.

१५ जानेवारी

उंबरा ओलांडता येत नाही.

पाय उचलतो. पुढे जातो. पण टेकतो तो आतच. दहादा केलं, वीसदा केलं. मागच्या चोकडीतूनही तेच. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला तर बोटं बधिर.

दादा रात्रभर ओटल्यावर बसून होता. मी त्याला म्हटलं, रडू नको, तुझी बहीण इतक्यात हार मानणारी नाही. मढंच निघेल म्हणाले ना? मग मी मरतच नाही. बघू कोण दमतं ते.

१९ जानेवारी

कोपऱ्यातली फरशी उखडली. पहार दादानं खिडकीतून दिली. वास्तुपुरुष सापडला, इवलासा, तांब्याच्या पत्र्याचा. हातात घेऊन त्याला मनसोक्त बोलले. माझ्या वहिनीला तीन वर्षं बांधून ठेवलंस, लाज नाही वाटत? तुला कोण देव म्हणतो?

खिडकीतून लांब फेकला. सकाळी पाहते तर खड्ड्यात परत.

पुन्हा फेकला.

पुन्हा परत. मी पण पुन्हा फेकणार.

२३ जानेवारी

ताप. परवापासून. पहारीचा ओरखडा लागला होता पायाला, तो सुजलाय.

डॉक्टर घरी आला. सुई दिली. दवाखान्यात न्या म्हणाला, लगेच. चौघांनी खाटेसकट उचललं. उंबऱ्यापर्यंत खाट हलकी, उंबऱ्यावर अशी जड की चौघांची कंबर वाकली. भटूभाऊ रडले. त्यांना रडताना बघून मलाच कसंतरी झालं. म्हटलं, ठेवा भाऊ खाली. चहा घ्या.

वहिनी दिसते आता. कोपऱ्यात बसते. खालचा ओठ दातांनी पार चिरलाय. बोलत नाही, बोलायची भीती वाटते तिला. माझ्या कपाळावर हात ठेवते. थंड वाटतं.

२५

मरणार नाही. लिहून ठेवते. मी मर—

मंगलाबाई पेज भरवतात. गिळवत नाही. तरी गिळते.

मी मरणार ना—

२६ किंवा २७

माझं मढं निघालं आज.

दादानं आणि भटूभाऊंनी धरलं होतं. अलगद गेलं बाहेर, काही अडलं नाही. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. बोलले होते तेवढंच झालं. मढं गेलं. मी इथं.

मंगलाबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत माझी वेणी सारखी केली. मी म्हटलं, मंगलाबाई, मी इथं आहे हो. त्यांनी ऐकलं नाही. वही हातात आहे, पेन चालतंय, पण कुणाला दिसत नाही.

दिवेलागणीला वहिनी उठली. चालत दारापाशी गेली आणि बाहेर पडली. इतकं सोपं. ओटल्यावरून मागं वळून पाहिलं तिनं. काहीतरी सांगायचं होतं. सांगितलं नाही, रडली नुसती. मग कळलं मला. तिनं माझ्या वेळी तो शब्द उच्चारला, म्हणून ती सुटली. या घराला एक जण लागतं. एकाच्या जागी दुसरं.

आणि तरी तिनं इतका वेळ धरलं होतं. ओठ फाटेपर्यंत. वहिनी, तुझ्यावर माझा काही राग नाही.

मार्च

घर विकलं.

हसू येतं मला. भटूभाऊंनी मातीमोलानं काढलं. माझं काम फत्ते झालं म्हणायचं. गाळा तेवढा राहिला.

घेणारे आपलेच, पारोळ्याकडचे. योगराज आणि दिपाली. लग्नाला वर्ष झालं नसेल. त्यांचं पहिलं घर. पोरगी वेडी झालीय. फरशीवर वाकून तोंड बघते. भिंतींचा निळा रंग आवडला तिला, राहू द्या म्हणाली. दूध उतू घातलं तेव्हा टाळ्या वाजवल्या.

जीभ माझ्यासारखीच आहे तिची. दुधवाल्याला धुवून काढलं आज. मला आवडली. आणि म्हणूनच—

दुसऱ्या दिवशी

तिनं सांजेला म्हटलं, मरो तो पंखा. शब्द माझ्या घशात चढला. आपोआप. ओकारी येते तसा. मी दात आवळले, ओठ दाबले. माझ्या तोंडून तो आवाज आला, अंहं, अंहं. दिपालीनं चमकून कोपऱ्याकडे पाहिलं.

थोडा वेळच धरता आलं. पंखा पडला. खाली कोणी नव्हतं.

नंतर

तिला ओरडून सांगते, अगं, सांजेला बोलू नको. ऐकू जात नाही. फक्त तो एक शब्द ऐकू जातो. वा रे न्याय!

फुलं हलवली, दिवा विझवला. भिऊन पळेल वाटलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणते, मी नाही भीत. माझीच बहीण शोभते मेली.

मी ठरवलंय. ती कधी माझ्यासारखं मढ्याचं बोलली आणि मी तो शब्द सोडला, की मी सुटते, माहीत आहे. नको असं सुटणं.

आज

भांडण चाललंय. योगराज म्हणतो, लूम बंद पडले, घर काढून टाकू, गावाला जाऊ. ती रडतेय, चिडलीय. दारात उभी आहे. बाहेर उजेड कमी होतोय. हातात दिवा.

दिपाली, गप. गप गं बाई.

म्हणतेय, मी कुठ्ठं नाही यायची. हे माझं घर आहे. आता इथून माझं—

बोलली. सगळं बोलली.

घशात आलाय. ओठ आवळलेत. हात चालू ठेवते, लिहिते, म्हणजे तोंड बंद राहील. रक्त आलं. येऊ दे. वहिनीनं धरलं त्याहून जास्त धरेन. मी हट्टी आहे. जिभेला हाड नाही म्हणायचे ना मला, बघा आज. दिवा पूर्ण लागेपर्यंत धरायचं, सांज सरेपर्यंत. दिपाली, तू गाळा घे, पाटी लाव, कुठंही जा, मी म्हणणार नाही. मी म्हणणार नाही. मी म्हणणार नाही. मी म्हण

तथा